लोकनायक बापूजी अणे : काँग्रेसबाहेरील राजकारणाची एक चिकित्सा

विदर्भाच्या राजकीय इतिहासलेखनात माधव श्रीहरी अणे यांचे स्थान आदराचे आहे, परंतु ते स्पष्ट नाही. ‘लोकनायक’ ही उपाधी, टिळकनिष्ठा आणि स्वतंत्र विदर्भाचा आग्रह या तीन गोष्टी नोंदवून बहुतेक गौरवपर लेखन थांबते. वणी येथे २९ ऑगस्ट १८८० रोजी जन्मलेल्या, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेल्या आणि यवतमाळला वकिली केलेल्या या नेत्याचे निम्मे आयुष्य काँग्रेसच्या आतबाहेर करण्यात गेले. या ये-जा करण्यात काही सुसंगती होती काय, हा प्रश्न गौरवकारांना पडत नाही, आणि टीकाकार तिला संधिसाधूपणा ठरवून मोकळे होतात. प्रस्तुत लेखात या दोन्ही भूमिका अपुऱ्या मानल्या आहेत. अणे यांच्या राजकारणाचा साचा मूलतः वकिलाचा आहे. न्यायासन कोणाचेही असो, तेथे उपस्थित राहून पक्षकाराची बाजू मांडावयाची आणि सुनावणीच नाकारली गेली तरच उठून यावयाचे, असा तो साचा होय. त्याने अणे यांच्या कारकिर्दीतील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो; सर्व गोष्टींचा होत नाही.

या साच्याचे सैद्धांतिक नाव ‘प्रतियोगी सहकारिता’. अमृतसर काँग्रेसमध्ये १९१९ साली टिळकांनी मांडलेली ही कल्पना त्यांच्या निधनानंतर महाराष्ट्र, वऱ्हाड आणि नागपूर येथील त्यांच्या अनुयायांनी जपली. ऑक्टोबर १९२५ मध्ये अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी स्वराज्य पक्षात असतानाच मध्यप्रांत सरकारच्या कार्यकारी मंडळातील पद स्वीकारले आणि वादळ उठले. मोतीलाल नेहरूंनी निषेध केला, तर केळकर व जयकर यांनी तांबे यांची पाठराखण केली. पुढे फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यास प्रतिसहकार पक्ष आकारास आला, त्याच्या प्रमुखांत अणे होते. पक्षाचा जन्म वऱ्हाडात व्हावा हा केवळ योगायोग नव्हे. येथील राजकारण वकील व जमीनधारक वर्गाच्या हाती होते आणि त्या वर्गाला कायदेमंडळाबाहेर बसणे परवडणारे नव्हते. अणे यांच्या भूमिकेतील तत्त्व मान्य करतानाच तिची ही सामाजिक बैठक नजरेआड करता येत नाही.

तथापि १९३० मध्ये याच वकिलाने कायदा मोडला. मध्यवर्ती कायदेमंडळाचे सदस्यत्व सोडून त्या वर्षीच्या जुलै महिन्यात त्यांनी पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापले आणि कारावास पत्करला. विदर्भाला समुद्र नाही. दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींवर मिठाचा सत्याग्रह झाला खरा, पण गावकऱ्यांच्या रोजच्या जाचाचा कायदा मिठाचा नव्हे, जंगलाचा होता. गुरांना चारा आणि चुलीला सरपण यांवर वनखात्याचा पहारा होता. अणे यांनी मोडण्यासाठी निवडलेला कायदा हा त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीतील सर्वांत अचूक राजकीय निर्णय मानावा लागेल. येथे पक्षकार प्रथमच प्रत्यक्ष दिसतो. पुढे १९३३ साली काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. सामुदायिक कायदेभंग स्थगित होऊन वैयक्तिक कायदेभंगाचे पर्व सुरू झाले, ते त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात.

वर्षभरात मात्र ते पुन्हा बाहेर होते. जातीय निवाडा ‘ना स्वीकारावा, ना नाकारावा’ हे काँग्रेस कार्यकारिणीचे धोरण अमान्य करून मदनमोहन मालवीय आणि अणे यांनी १९३४ मध्ये काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. स्वीकार आणि नकार यांच्यामध्ये मौन पाळणे हा वकिली बुद्धीला पटणारा पर्याय नव्हे, हे समजण्यासारखे आहे. परंतु या पक्षाचा मतदार कोण होता, हे पाहिले की ‘राष्ट्रीय’ या शब्दाचा अर्थ आक्रसतो. पक्षाला सर्वाधिक बळ दिले ते बंगालने, आणि तेथील सवर्ण हिंदूंचा रोष केवळ मुसलमानांच्या जागांवर नव्हता, पुणे करारान्वये अस्पृश्यांना मिळालेल्या राखीव जागांवरही होता. १९२८ च्या नेहरू समितीवर अणे हिंदुमहासभेच्या बाजूने बसले होते, हेही येथे आठवावे. विभक्त मतदारसंघांना त्यांनी केलेला विरोध प्रामाणिक असेल. पण ज्यांना संयुक्त मतदारसंघात आपला प्रतिनिधी निवडून येण्याची शाश्वती नव्हती, त्यांची कैफियत या वकिलाने कधी हाती घेतल्याचे दिसत नाही.

या ठिकाणी एक तुलना अपरिहार्य ठरते, आणि नागपुरात तरी ती टाळू नये. काँग्रेसबाहेर राजकारण करणारा दुसरा विधिज्ञ म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना जुलै १९४२ मध्ये नागपुरात झाली आणि रिपब्लिकन पक्षाची घोषणाही ३ ऑक्टोबर १९५७ रोजी याच शहरात झाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात अणे १९४१ साली, तर डॉ. आंबेडकर मजूरमंत्री म्हणून जुलै १९४२ मध्ये दाखल झाले. सुमारे सात महिने दोघे एकाच मेजाभोवती होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या एकवीस दिवसांच्या उपोषणाच्या प्रश्नावर अणे यांनी होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला, डॉ. आंबेडकरांनी दिला नाही. चरित्रकारांनी या राजीनाम्याला अणे यांच्या स्वाभिमानाचा कळस मानले आहे. त्याच वर्षी त्यांनी सिलोनमधील भारत सरकारचे प्रतिनिधिपद स्वीकारले, ही बाब मात्र घाईने उरकली जाते. सरकार तेच होते. गांधीजींच्या प्राणाचा प्रश्न टळल्यावर सहकार्याची वाट पुन्हा मोकळी झाली, एवढाच याचा तर्कशुद्ध अर्थ होतो. डॉ. आंबेडकरांचा पक्षकार निश्चित होता, म्हणून त्यांचे राहणे आणि निघणे त्या पक्षकाराच्या हिताने ठरले. अणे यांचे राहणे-निघणे प्रसंगाने आणि व्यक्तिनिष्ठेने ठरत गेले.

स्वातंत्र्यानंतर संविधान सभेचे सदस्यत्व आणि १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपालपद ही पदे भूषवून ते परतले, तेव्हा राज्यपुनर्रचनेचा प्रश्न ऐरणीवर होता. १९५३ च्या नागपूर करारावर त्यांचा विश्वास नव्हता. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, ती फेटाळली गेली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. गंमत अशी की, १९५५ मध्येच डॉ. आंबेडकरांनीही मराठी प्रदेशाची एकाहून अधिक राज्ये सुचविली होती व पूर्वेकडील राज्य जवळजवळ विदर्भाचेच होते. नकाशा एक, परंतु युक्तिवाद भिन्न. डॉ. आंबेडकरांना मोठ्या राज्यात बहुसंख्य जातीचे वर्चस्व दिसत होते. अणे यांचा भर प्रदेशाच्या ऐतिहासिक स्वतंत्रतेवर आणि साधनसंपत्तीवर होता. हे दोन युक्तिवाद एकाच व्यासपीठावर आले असते, तर विदर्भ चळवळीचा सामाजिक पाया वेगळा झाला असता. ते आले नाहीत, आणि मागणी पुढे ‘सिव्हिल लाइन्सची मागणी’ म्हणून हिणविली गेली ती काही अगदीच अकारण नव्हे.

निवडणुकीच्या मैदानात मात्र नागपूरकरांनी अणे यांना साथ दिली. नागविदर्भ आंदोलन समितीच्या पाठिंब्यावर ते १९५९ च्या पोटनिवडणुकीत लोकसभेवर गेले आणि १९६२ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, अपक्ष म्हणून पुन्हा निवडून आले. महाराष्ट्रातील ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकलेल्या त्या निवडणुकीत उरलेल्या तीनांपैकी दोन, नागपूर आणि चांदा, विदर्भातील होत्या. (तिसरी राजापूरची, बॅरिस्टर नाथ पै यांची.) हे यश एका वृद्ध नेत्याविषयीच्या आदराचे, की मागणीच्या बळाचे? समितीला त्यांच्या पश्चात टिकाऊ पक्षसंघटना उभी करता आली नाही, यावरून पहिल्या शक्यतेकडे झुकावे लागते. १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे फॉरवर्ड ब्लॉकतर्फे याच मतदारसंघातून विजयी झाले ते रस्त्यावरच्या आंदोलनाच्या जोरावर, आणि १९८० मध्ये तेच इंदिरा काँग्रेसचे खासदार झाले. अणे यांचे नातू श्रीहरी अणे यांनी मार्च २०१६ मध्ये याच प्रश्नावरून राज्याचे महाधिवक्तापद सोडले व त्याच वर्षी विदर्भ राज्य आघाडी स्थापन केली. विदर्भाचे वकीलपत्र पुन्हा वकिलाच्याच घरात आले.

बापूजींचे निधन २६ जानेवारी १९६८ रोजी झाले. त्यांच्या मागे राहिलेली सर्वांत मोठी लिखित कृती विदर्भाविषयीची नाही. ती लोकमान्यांचे पद्यचरित्र आहे, ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे तिचे नाव, आणि १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मरणोत्तर मिळाला. भाषा संस्कृत. पुसदच्या रानात त्यांच्यामागे विळा घेऊन आलेल्या माणसांपैकी क्वचितच कोणाला ती वाचता आली असती.