बुरुजावरचे नाव : शिपाई की रक्तसाक्षी?

१७३९ च्या प्रारंभी तारापूरचा किल्ला घेताना बाजी भीवराव रेठरेकर गोळी लागून पडले. त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. तिथे मराठ्यांचे सुरुंग ज्या बुरुजांखाली उडाले, त्यांत एकाचे नाव सान सेबॅस्टियन. वसईच्या मोहिमेवरचे मराठी लेखन वाचताना हे नाव केवळ बुरुजाचे म्हणून येते आणि जाते. संत सेबॅस्टियन रोमन सैन्यात होता एवढे कळले, तर वाचक त्याला फिरंग्यांचा रणदैवत समजून मोकळा होतो. हे वाचन मला चुकीचे वाटते.

सेबॅस्टियनविषयी जुना आधार अगदी थोडा आहे. इ. स. ३५४ च्या रोममधील यादीत २० जानेवारी हा त्याचा स्मरणदिन नोंदलेला आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलानचे बिशप अँब्रोझ त्याला आपल्या नगरीचा सुपुत्र म्हणतात. बाकीचे चरित्र पाचव्या शतकातील आख्यानाचे. तो डायोक्लेशन बादशहाच्या पहाऱ्यात अधिकारी होता आणि कैदेतल्या ख्रिस्ती लोकांना गुप्तपणे धीर देत असे. हे उघड होताच त्याच्यावर बाण सोडण्यात आले. मेला असे समजून मारेकरी निघून गेले. आयरीन नावाच्या विधवेने त्याची शुश्रूषा करून त्याला वाचवले.

चित्रकार बहुधा बाणांपाशीच थांबतात. आख्यान मात्र पुढे जाते. बरा झालेला सेबॅस्टियन पळून जाऊ शकला असता. तो बादशहासमोर जाऊन उभा राहिला, त्याच्या अन्यायाचा जाब विचारला आणि सोट्यांच्या माराने मेला. हा शिपाई मरतो तो शस्त्राविना, आणि आपल्याच धन्याच्या हुकमाने. पुढे लोकांनी त्याला साथीच्या रोगांपासून राखणारा संत मानले, कारण साथ म्हणजे आभाळातून येणारे बाण ही कल्पना फार जुनी आहे. म्हणजे युद्धातल्या विजयासाठी नव्हे, घरातले माणूस वाचावे म्हणून त्याचा धावा झाला.

मराठी ख्रिस्ती लेखनात यासाठी नेमका शब्द आहे : रक्तसाक्षी. ग्रीक मूळ शब्दाचा अर्थही साक्षीदार असाच. 'वीरमरण' हा शब्द बाजी भीवरावांना शोभतो. सेबॅस्टियनला लावला की त्याची कथाच उलटी होते. त्याला जवळचे उदाहरण हवे असेल, तर ते तारापूरच्या तटापाशी नाही, पालघरात आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी तिथे मोर्च्यावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. श्रद्धा वेगळी, काळ वेगळा. पण सत्तेपुढे निःशस्त्र जाऊन उभे राहणे तेच.

२० जानेवारीच्या मिस्सात धर्मगुरू तांबडी वस्त्रे घालतात. तो रंग सांडलेल्या रक्ताचा आहे, सांडवलेल्या नव्हे. वसईचा तट पाहायला जाणाऱ्याने त्या बुरुजाचे नाव एवढे लक्षात ठेवून वाचावे.