धावत्या मुलाचे रहस्य : भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'विषयी

मराठी बालसाहित्याचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा संस्काराच्या कसोटीपाशी थांबते. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ने (१९३५) ही कसोटी रूढ केली, आणि त्या पुस्तकाच्या थोरवीविषयी वाद नाही. परंतु सगळेच लेखन त्या एका मापाने मोजले गेल्यामुळे मुलांनी आपणहून, हट्टाने, पुन्हा पुन्हा वाचलेली रहस्यकथा 'रंजन' या एका शब्दात निकालात निघाली. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या 'फास्टर फेणे' मालिकेला वाचकप्रियता उदंड लाभली. चिकित्सा मात्र त्या मानाने थोडीच वाट्याला आली.

भागवतांपूर्वी मराठीत रहस्यकथेचा बाजार तेजीत होता. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचे झुंजार, धनंजय घरोघरी पोहोचले. शाळकरी मुलेही त्या वाचीत, पण पुष्कळदा वडीलधाऱ्यांच्या नकळत. ते जग प्रौढांचे होते. मुलाला तेथे केवळ प्रेक्षक म्हणून प्रवेश होता. भागवतांनी मुलाला रहस्याच्या मध्यभागी आणले. १९५१ साली 'बालमित्र' मासिक सुरू करणाऱ्या आणि ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या या लेखकाला वाचकाचे कुतूहल प्रकरणाप्रकरणातून कसे खेळवावे, हे पक्के ठाऊक होते.

नायकाच्या नावापासूनच त्यांचे कसब दिसते. बनेश फेणे हा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, अंगाने किडकिडीत मुलगा. 'फास्टर' या विशेषणात तुलना आहे, पण ती कोणाशी, हे सांगितलेले नाही. कथा वाचत गेल्यावर उत्तर मिळते : मोठ्या माणसांशी. ती विचार करीत बसतात तेव्हा बन्याची सायकल निघालेली असते. इंग्रजी विशेषण आणि अस्सल मराठी आडनाव यांच्या जोडणीत शाळकरी मुलांच्या बोलीचा खट्याळपणा आहे. जिभेने काढलेला त्याचा 'ट्टॉक' हाही त्याच बोलीचा भाग. भागवतांनी ही बोली प्रमाणभाषेपुढे ओशाळू दिली नाही.

श्याम आणि बन्या यांची तुलना येथे उद्बोधक ठरते. श्यामची नजर अंतर्मुख आहे. आपण काय चुकलो, आईला काय वाटले असेल, हे तो पाहतो. बन्याची नजर बाहेर वळलेली आहे. समोर काय वेगळे आहे, कोण कोठे चालले आहे, कोणाचे बोलणे जुळत नाही, हे तो टिपतो. एकाचे शिक्षण पश्चात्तापातून होते, दुसऱ्याचे अवधानातून. अवधान हा संस्कार नव्हे काय? सभोवतालच्या जगाकडे सावधपणे पाहणे आणि संकटातल्या माणसासाठी धाव घेणे, हे मूल्य या कथा उपदेशाचे एकही वाक्य न उच्चारता रुजवतात. 'रंजन' आणि 'संस्कार' ही विभागणी येथे अपुरी पडते.

इतर भाषांतील समानधर्मी लेखनाशी ताडून पाहता भागवतांचे वेगळेपण अधिक उठून दिसते. सत्यजित राय यांचा फेलूदा (१९६५पासून) प्रौढ आहे आणि बुद्धीच्या बळावर रहस्य सोडवतो. किशोरवयीन तोपशे ते सांगतो. एनिड ब्लायटनच्या पाच जणांची साहसे बव्हंशी सुट्टीत घडतात. बन्या मात्र स्वतःच नायक आहे, आणि 'प्रतापगडावर फास्टर फेणे'पासून 'गुलमर्गचे गूढ'पर्यंत त्याची भ्रमंती वाचकाला आपल्या देशाचा भूगोलही दाखवते.

या कथांच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. योगायोग वारंवार मदतीला धावतात. खलपुरुष ठसठशीत असतात, पण एकरंगी. माणूस गुन्ह्याकडे का वळतो, हा प्रश्न क्वचितच उमटतो. बन्याचे वय गोठलेले आहे, त्यामुळे अनुभवाने तो बदलत नाही. मालिकालेखनाचा हा सार्वत्रिक दोष होय. रायांच्या कथांत तर्काची जी शिस्त आढळते, ती येथे गतीच्या भरात कधी कधी सुटते. परंतु हे दोष दाखवण्यासाठीसुद्धा पुस्तके गांभीर्याने वाचावी लागतात.

संस्थात्मक मान्यता या लेखनप्रकाराकडे उशिरा वळली. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० साली सुरू झाला. तोवर भागवतांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. २०१७ साली आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटाने बन्याला तरुण करून पुन्हा समोर आणले, पण पडद्यावरची लोकप्रियता समीक्षेची जागा घेऊ शकत नाही. दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर ब्रिटिश कौन्सिल आहे आणि २०१३पासून नवे महाराष्ट्र सदनही आहे. या शहरात वाढणाऱ्या मराठी मुलाला इंग्रजी रहस्यकथा शोधावी लागत नाही. मराठी पुस्तक मात्र कोणीतरी मुद्दाम हाती द्यावे लागते. ते पुस्तक कोणते असावे? घरातल्या भाषेत धावणारा, हसवणारा आणि पान उलटायला लावणारा बन्या अशा मुलाला मराठीचा वाचक करू शकतो. भाषेच्या भवितव्याचा विचार करणाऱ्या समीक्षेने आणि ग्रंथालयांनी ही क्षमता वाङ्मयीन गुण म्हणूनच मोजली पाहिजे.