लग्नपत्रिकेवरील छोटी चित्रे : इतिहासाचे एक साधन

लग्नपत्रिकेच्या शिरोभागी छापलेले बोटभर चित्र कलासमीक्षेच्या दृष्टीस सहसा पडत नाही. सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून मात्र ते मोलाचे आहे, असे आम्हांस वाटते. सेलूसारख्या तालुक्याच्या गावी वाटल्या जाणाऱ्या बौद्ध पत्रिका या दृष्टीने वाचावयास हव्यात.

रूढ पत्रिकेवर गणपती असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतीस देव न मानण्याची आहे. पुढे त्या जागी भगवान बुद्ध व बाबासाहेब आले. 'शुभविवाह' जाऊन 'मंगल परिणय' आला. सभेत उच्चारलेली प्रतिज्ञा छापखान्याच्या ठशापर्यंत पोहोचली, याचा पुरावा ही चित्रे देतात. ज्या मराठवाड्यात नामांतराच्या ठरावानंतर १९७८ साली वस्त्या जळाल्या, तेथे आपली ओळख छापून गावभर वाटणे ही साधी गोष्ट नव्हती.

'जुन्या देवांच्या जागी नवे देव आले', एवढेच म्हणणारी टीका आम्हांस अपुरी वाटते. कालिंगबोधि जातकात चैत्याचे सारीरिक, पारिभोगिक व उद्दिस्सक असे तीन प्रकार सांगितले आहेत. पैकी उद्दिस्सक चैत्यास वस्तूचा आधार नाही, ते केवळ मनावर अवलंबून आहे, असे तेथे म्हटले आहे. चित्र या तिसऱ्या प्रकारात मोडते. त्याच्या अंगी सामर्थ्य नाही. ते स्मरणाचे निमित्त आहे. मात्र स्मरणाऐवजी नवस सुरू झाला, तर टीकाकाराचे म्हणणे खरे ठरेल, हेही आपण विसरू नये.

चित्रात काय नाही, हेही तितकेच बोलके असते. बाबासाहेबांशेजारी बहुधा माता रमाई दिसतात. त्यांचे निधन २७ मे १९३५ रोजी झाले. नागपुरात बाबासाहेबांसमवेत दीक्षा घेतलेल्या माईसाहेब मात्र क्वचितच आढळतात. रमाईंचा त्याग समाजाच्या हृदयात आहे, हे योग्यच. परंतु दीक्षेच्या इतिहासातील एक साक्षीदार चित्रातून गळते, तेव्हा ते चित्र १९५६ चा नव्हे, तर त्यानंतरच्या समाजमनाचा इतिहास सांगत असते. अभ्यासकाने हा भेद राखलाच पाहिजे.

पत्रिकेवर तारीख व स्थळ छापलेलेच असते. बहुतेक शिलालेखांनाही हे भाग्य लाभत नाही. तरीही लग्न उरकताच ती रद्दीत जाते. विहारांनी आपापल्या गावच्या पत्रिका वर्षवार जतन कराव्यात. अभ्यासाचा आरंभ तेथूनच होईल.