सरकारी निवेदन : एक वाङ्मयप्रकार

वाचकहो, फराळाआधी कारीट फोडतात, म्हणून हा कडू विषय. सरकारी निवेदनाला मी वाङ्मयप्रकारच मानतो. त्याचा स्थायीभाव निर्धास्तपणा. वेल्ह्याच्या मुलखातले पानशेत काम पुरे होण्याआधीच भरले, १२ जुलै १९६१ रोजी फुटले. पुण्याला वेळेवर इशारा मिळाला नाही. ऑक्टोबर १९६२मध्ये ‘हिंदी-चिनी भाई-भाई’ हिमालयात असेच वाहून गेले. अशी निवेदने वृत्तपत्रांनी जशीच्या तशी छापली, की त्यांच्यावरचाही विश्वास उडतो. शेजारच्या भोरात १९२८चे भाटघर अजून उभे आहे. म्हणून परक्या राज्याचे गोडवे नकोत. ते रयतेला जाब देत नव्हते. आपल्या राज्याला तो द्यावाच लागतो. धोक्याला वेळीच धोका म्हणणारे एक साधे वाक्य मला शंभर निर्धास्त निवेदनांहून सरस वाटते.