शेजाऱ्यांचे रहस्य

अरविंद अडिगा यांच्या ‘लास्ट मॅन इन टॉवर’ (२०११) या इंग्रजी कादंबरीतील रहस्य गुन्हेगाराच्या ओळखीत नाही. वाकोल्यातील विश्राम सोसायटी पाडण्यासाठी बिल्डर धर्मेन शहा ठरावीक मुदतीची देकार-रक्कम पुढे करतो. संमती सर्वांचीच हवी, म्हणून एकट्या मास्तरांचा नकार साऱ्यांच्या आड येतो. खून अखेर शेजारीच करतात. उत्कंठा आहे ती त्यांची सभ्यता कधी संपते याची. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाची आई मिसेस पुरी हिच्यासारख्यांना सर्वज्ञ निवेदक इतकी सबळ कारणे पुरवतो, की मास्तरांनी सही करून टाकावी असे वाचकालाही वाटू लागते. पिंटो दांपत्याने माघार घेतल्यावर तर हा नकार नेमका कोणासाठी, हेच धूसर होते. कादंबरीचे बळ या संदिग्धतेत आहे. बांधकामाच्या धुळीने जडलेला शहाचा खोकला मात्र प्रतीक म्हणून फारच ठळक झाला आहे.