मूर्तीची संगणकीय प्रत व कल्पित पाठ

लेसर किरणांनीं वस्तूचें मापन करून तिचें संगणकीय प्रतिरूप सिद्ध करण्याची विद्या आतां प्रौढ झाली आहे. तिचें परीक्षण पोथीच्या संपादनास लावतों त्याच कसोटीनें झालें पाहिजे.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मार्क लेव्हॉय व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. १९९८-९९ च्या सुमारास फ्लॉरेन्स येथें मायकेलँजेलोच्या 'डेव्हिड' मूर्तीचें केलेलें मापन पाहूं. लेसरची रेघ मूर्तीवर पाडावयाची, कॅमेऱ्यानें ती तिरप्या कोनांतून टिपावयाची व त्रिकोणमितीनें प्रत्येक बिंदूचें अंतर काढावयाचें, ही मूळ युक्ति. अशीं ४८० मापनें झालीं. त्यांचे सामाईक भाग जुळवून एकसंध पृष्ठभाग बनविला. छिन्नीच्या खुणाहि उमटाव्या इतकी, म्हणजे सुमारें पाव मिलिमीटरची, सूक्ष्मता राखली होती. ग्रंथोग्रंथीं ४३४ सेंटिमीटर म्हणून उतरत आलेली मूर्तीची उंची या कामांत ५१७ सेंटिमीटर ठरली. या एका पाठशुद्धीनेंहि श्रमांचें सार्थक झालें असें म्हणावें लागेल.

परंतु दोन गोष्टी नोंदविणें प्राप्त आहे. संगमरवरांत प्रकाश किंचित् आंत शिरून पसरतो. त्यामुळें माप थोडें ढळतें. हें संशोधकांनीं स्वतःच सांगितलें आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्या खांचाखोंचांत किरण पोंचत नाहीं तेथें प्रतिरूपाला भोंकें पडतात आणि तीं गणितानें बुजविलीं जातात. हा कल्पित पाठच होय. दक्ष संपादक त्रुटित अक्षरें कंसांत घालतो. एकरंगी गुळगुळीत प्रतिरूपांत असा कंस दिसत नाहीं. वास्तविक कर्लेस व लेव्हॉय यांच्या १९९६ च्या पद्धतींत पाहिलेला व भरून काढलेला पृष्ठभाग निराळा ओळखतां येतो. तेव्हां साधन नाहीं ही सबब चालणार नाहीं.

याच मंडळींनीं इ. स. २०३ ते २११ च्या दरम्यान कोरलेल्या रोमच्या संगमरवरी नकाशाच्या १,१८६ तुकड्यांचेंहि मापन केलें. तेथें तुटलेल्या कडेचा कल्पित भाग अस्सल समजून सांधा जुळविला, तर प्राचीन रोमांत कधीं नसलेली गल्ली उभी राहील.

म्हणून ताम्रपट, शिलालेख वा वीरगळ यांचीं अशीं प्रतिरूपें करविणाऱ्या संग्राहकांनीं दोन अटी आधींच घालाव्या: मूळ मापनें जशींच्या तशीं जपून ठेवावीं, व भरून काढलेला भाग वेगळ्या रंगानें दाखवावा. झिजलेल्या अक्षराचा वाद उद्यां याच प्रतीवर निघाला, तर दगड काय सांगतो आणि गणित काय सांगतें हें तरी निवडतां येईल.