पाठकोरे कागद

नागपुरात इंजिनीअरिंग केलेल्या पोराला सी भाषा बहुतेक वेळा आपल्याच गावच्या लेखकाने शिकवलेली असते. यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' आमच्या होस्टेलच्या खोल्याखोल्यांत पडलेलं असायचं. पण आज बोलायचंय ते दुसऱ्या पुस्तकाबद्दल, तेही त्याच्या शेवटच्या काही पानांबद्दल. ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांचं 'द सी प्रोग्रामिंग लँग्वेज' पहिल्यांदा १९७८ साली आलं आणि दुसरी आवृत्ती १९८८ साली. माझी प्रत सीताबर्डीच्या फुटपाथवरची, आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. तिच्यातला ८.७ हा भाग म्हणजे मुख्य पुस्तकातलं शेवटचं उदाहरण: मॅलॉक आणि फ्री स्वतः लिहायचे कसे.

कॉलेजात आम्ही फ्री लिहायचोच नाही. प्रोग्राम दोन सेकंदांत संपायचा आणि ऑपरेटिंग सिस्टीम सगळी मेमरी गोळा करून न्यायची. या पुस्तकातही सहाव्या प्रकरणात शब्द मोजणारं झाड आहे. ते एकेका शब्दासाठी जागा घेतं आणि एकही परत करत नाही. फ्रीचा उल्लेख एका वाक्यात उरकलाय. त्या प्रोग्रामपुरतं ते बरोबरच आहे. सवय मात्र चुकीची लागते.

८.७ मध्ये ही सवय मोडते. तिथला मॅलॉक ऑपरेटिंग सिस्टीमकडे सारखा हात पसरत नाही. एकदम मोठा तुकडा मागतो आणि त्यातून कापून देतो. आपण परत केलेला तुकडा सिस्टीमकडे जातच नाही, तो मोकळ्या तुकड्यांच्या गोल साखळीत जाऊन बसतो. ही साखळी ठेवायची कुठे? त्या तुकड्यांमध्येच! प्रत्येकाच्या डोक्यावर छोटं हेडर असतं, त्यात स्वतःचा आकार आणि पुढच्या मोकळ्या तुकड्याचा पत्ता. साखळी पत्त्यांच्या क्रमाने लावलेली, त्यामुळे शेजारचा तुकडाही मोकळा आहे का ते लगेच कळतं आणि दोघांचा एक करता येतो. हे सगळं मोजक्या पानांत. एवढ्या कमी ओळींत इतकं काम करणारं गद्य मी फार वाचलेलं नाही.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती सांगायला स्वतःची फजिती सांगावी लागेल.

पहिल्या नोकरीत एका सर्व्हरची मेमरी रोज फुगायची. कारण साधं होतं: एरर आली की फंक्शन मधूनच परतायचं आणि फ्रीची ओळ खालीच राहायची. उपाय म्हणून रोज रात्री रीस्टार्ट. सीनियर म्हणायचा, "रीस्टार्ट मार न बे, चालून जाते." मी ८.७ वाचून तापलेलो. ती गळती बुजवली आणि जोशात स्वतःची साखळीही लिहिली. आमचे सगळे रेकॉर्ड एकाच मापाचे, त्यामुळे जोडाजोडीची गरज नव्हती. वापरून झालेला रेकॉर्ड साखळीच्या तोंडाशी ठेवायचा, नवा हवा की तिथूनच उचलायचा. सर्व्हर आठवडेच्या आठवडे चालला. मग एका ग्राहकाच्या पावतीवर दुसऱ्याच माणसाचा पत्ता छापून गेला. नव्या ग्राहकाने पत्ता भरला नव्हता आणि मी आधीचा पुसला नव्हता.

पुस्तक सांगतं की मॅलॉककडून मिळालेली जागा 'अनइनिशियलाइज्ड' असते. मी त्याचा अर्थ 'कोरी' असा घेतला होता. ती कोरी नसते, पाठकोरी असते. लहानपणी रफ कामाला मिळायचे ना, एका बाजूला कुणाचे तरी मार्क छापलेले कागद, तशी. इतक्या नेमक्या लेखकांनी इथे एवढा सोवळा शब्द वापरून पुढे जावं, हे मला खटकतं. २०१४ साली उघड झालेल्या हार्टब्लीडमध्येही शेजारची अशीच जुनी मेमरी बाहेर सांडत होती. मूळ चूक लांबी न तपासण्याची. पण ओपनएसएसएलने वापरलेल्या बफरांची स्वतःची साखळी ठेवलेली, त्यामुळे काही सिस्टीमच्या मॅलॉकमध्ये जी सुरक्षेची सोय होती ती तिथवर पोचतच नव्हती. मला आपली साखळी आठवली आणि पोटात गोळा आला.

लेखकांना धोके ठाऊक नव्हते असं मात्र नाही. आपला फ्री हेडरवर डोळे मिटून विश्वास ठेवतो, हे ते ८-७ या स्वाध्यायात स्वतःच कबूल करतात आणि तपासणी घालायचं काम आपल्यावर सोडतात. ८-८ तर मजेशीर आहे: मॅलॉकने कधी दिलाच नव्हता असा बेवारस अ‍ॅरेही साखळीत घालून दाखवा! म्हणजे या भागाचा निम्मा आशय स्वाध्यायांत आहे, आणि स्वाध्याय सोडून देणाऱ्या पिढीत मी वाढलोय. धडा वाचला की पुस्तक झालं, असं आपलं गणित. या पुस्तकाशी तसं वागलं की ते अर्धवट आणि काहीसं घातक होतं. दोष लेखकांचा किती आणि वाचकाचा किती, यावर माझं मत अजून डळमळतं.

माझ्या प्रतीत ८-६ च्या समोर आधीच्या मालकाची बरोबरची खूण आहे. तो स्वाध्याय कॅलॉक लिहायचा आहे, म्हणजे जागा हातात देण्याआधी ती शून्यांनी पुसायची. सोडवायला दहा मिनिटंही लागत नाहीत. मी तो सोडवला, ती पावती गेल्यानंतरच्या रविवारी.